रोग लागतो, तरी सोडून जायचे नाही: सार्वजनिक आरोग्यनीतीचा कन्फ्यूशियन विचार

बाराव्या शतकातल्या चीनमध्ये साथ आली की शेजारीपाजारी आजाऱ्याच्या घराकडे फिरकेनासे होत. कधी कधी रक्ताची माणसेही त्याला तसाच टाकून निघून जात. हे पाहून कळवळलेल्या काही सज्जनांनी ग्रंथ लिहून लोकांना सांगितले, की साथीचा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा भिऊन पळू नका. झू शी (११३०–१२००) हा त्या काळातला सर्वांत मोठा कन्फ्यूशियन भाष्यकार. त्याने एका टिपणात या सज्जनांचा हेतू वाखाणला, पण त्यांचा उपाय मात्र नाकारला. रोग लागतो हे लोक रोज पाहत आहेत, मग 'लागत नाही' हे त्यांना पटणार कसे? आणि पटले तरी तो माणूस स्वतःच्या जिवाला धोका नाही एवढ्याच हिशेबाने थांबेल. घरात दुसरा कोणी आजारी पडला की सांगणाऱ्याची पत संपली आणि तो दुप्पट वेगाने पळाला. त्यापेक्षा खरे काय ते सांगावे, असे झू शीचे म्हणणे. रोग लागू शकतो, पण नात्याचे देणे इतके मोठे आहे की टाकून जाववत नाही. असे समजून जो थांबला, तो रोग लागल्यावरही आपल्याला फसवले असे म्हणणार नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या नीतीतले दोन अवघड प्रश्न या छोट्या टिपणात शेजारी शेजारी बसले आहेत. लोकांचे भले व्हावे म्हणून त्यांना खोटे सांगावे का? आणि ज्याच्याजवळ जाणे धोक्याचे, त्याच्याजवळ कोणी राहावे? कन्फ्यूशियन परंपरा आणि सार्वजनिक आरोग्य यांबद्दल अलीकडे पुष्कळ बोलले गेले, पण त्या बोलण्यातून नेमके हेच प्रश्न गळाले आणि उरला तो आज्ञाधारकपणा.

२०२० साली करोनाची साथ तैवान आणि दक्षिण कोरिया यांनी सुरुवातीच्या महिन्यांत चांगली आवरली, तेव्हा जगभर एक सोपे स्पष्टीकरण फिरले. तिकडची माणसे कन्फ्यूशियसची वारस, वडीलधाऱ्यांचे आणि सरकारचे ऐकणारी, म्हणून मुखपट्टी बांधा म्हटले की बांधतात. हे स्पष्टीकरण मला पटत नाही. तैवानमध्ये २००३ च्या सार्सच्या वेळी तैपेईचे होपिंग रुग्णालय आतल्या रुग्ण-कर्मचाऱ्यांसकट एकाएकी बंद केले गेले आणि मोठा हाहाकार उडाला. त्यानंतर तिथले कायदे आणि यंत्रणा बदलल्या. कोरियाने २०१५ च्या मर्सनंतर तेच केले. दोन्ही समाजांत लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरतात. कोरियात २०१६-१७ च्या हिवाळ्यात मेणबत्त्या घेऊन निघालेल्या मोर्चांनंतर राष्ट्राध्यक्षांनाच पद सोडावे लागले. हाँगकाँगचे उदाहरण तर अगदी उलट टोकाचे आहे. सरकारवरचा विश्वास तळाला गेला असताना तिथल्या लोकांनी आपणहून मुखपट्ट्या बांधल्या.

आज्ञाधारकपणाचा हा धागा तसा जुना आहे. १९९४ साली सिंगापूरचे ली क्वान यू यांची एक मुलाखत अमेरिकेतल्या एका नियतकालिकात आली. घेणारे होते मुंबईत जन्मलेले फरीद झकारिया. पूर्वेकडच्या समाजांत कुटुंब आणि सुव्यवस्था व्यक्तीच्या आधी येते, असा लींचा सूर होता. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात दक्षिण कोरियाचे किम दे-जुंग यांनी मेन्सियस या प्राचीन कन्फ्यूशियन विचारवंताचा आधार घेऊन त्यांना उत्तर दिले आणि लोकशाहीची बीजे पूर्वेच्या विचारातही आहेत हे दाखवले. अमर्त्य सेन यांनीही पुढे या 'आशियाई मूल्यां'च्या मांडणीची चिकित्सा केली. कन्फ्यूशियसला सत्ताधाऱ्यांच्या पंगतीत बसवायचे की सत्ताधाऱ्यांना जाब विचारणाऱ्यांच्या, हा तेव्हापासूनचा वाद आहे. साथीच्या काळात तो पुन्हा वर येतो.

मूळ ग्रंथांकडे वळले की पारडे कुठे झुकते ते दिसते. इ.स.पू. चौथ्या शतकातला मेन्सियस ल्यांगच्या राजाला भेटतो तेव्हा राजा तक्रार करतो, की दुष्काळात मी धान्य इकडून तिकडे हलवतो, एवढी काळजी घेतो, तरी माझी प्रजा वाढत का नाही? मेन्सियस त्याला सुनावतो, की रस्त्यावर माणसे उपाशी मरत असताना कोठारे उघडायची नाहीत आणि दोष पिकाला द्यायचा, म्हणजे माणूस भोसकून दोष हत्याराला देणे. आजच्या भाषेत सांगायचे तर मृत्यूचे कारण रोग किंवा हवामान एवढेच नोंदवून शासनाला मोकळे होता येत नाही. याच संवादमालेत दुसऱ्या एका राजाला तो आणखी पुढचे सांगतो. ज्याच्या पोटापाण्याची शाश्वती नाही त्याच्याकडून स्थिर मनाची अपेक्षा ठेवायची, आणि तो चुकला की शिक्षा करायची, हे प्रजेसाठी जाळे लावण्यासारखे आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला टाळेबंदी मोडल्याबद्दल दंड करणाऱ्या प्रत्येक सरकारला हा मुद्दा लागू पडतो, मग ते कुठल्याही देशातले असो.

कन्फ्यूशियसच्या संवादांतही असेच आहे. राज्याला धान्य, शस्त्रे आणि लोकांचा विश्वास या तीन गोष्टी लागतात. सोडायची वेळ आलीच तर आधी शस्त्रे, मग धान्यही सुटेल, पण विश्वास सुटता कामा नये, असे तो शिष्याला सांगतो. नुसत्या हुकुमाने आणि शिक्षेने लोकांना हाकले तर ते पळवाटा शोधतात आणि त्यांची लाज मरते. चांगल्या वागण्याचा दाखला आणि आचाराची रीत घालून दिली तर ते आतून सुधारतात, हेही त्याचेच मत. विलगीकरणाचे नियम पाळले जाणे किंवा न जाणे यामागचे मर्म यात आहे असे मला वाटते. वडिलांची आज्ञा पाळणे म्हणजेच पितृभक्ती का, या शिष्याच्या प्रश्नावर कन्फ्यूशियस चिडतो, असा प्रसंग पितृभक्तीवरच्या खुद्द अभिजात ग्रंथात आहे. वडील चुकत असतील तर मुलाने अडवले पाहिजे, आणि राजा चुकत असेल तर मंत्र्याने.

मात्र याच संवादांत सामान्य लोकांना मार्गावर चालवता येईल पण तो समजावून देता येणार नाही, अशा अर्थाचेही एक वचन आहे. भाष्यकारांनी त्याचे अर्थ परोपरीने लावले आहेत, कोणी त्याला नुसते खेदाचे निरीक्षण मानतात. तरी शतकानुशतके ते शहाण्यांनी ठरवावे आणि बाकीच्यांनी ऐकावे या वृत्तीला उपयोगी पडले, हे नाकारण्यात अर्थ नाही. झू शीचे टिपण मला मोलाचे वाटते ते याचसाठी. अडाण्यांना समजणार नाही म्हणून चांगल्या हेतूने खोटे सांगावे, ही सोय तो परंपरेच्या आतूनच बंद करतो.

उपदेशाला संस्थांची जोड मिळाली ती सोंग राजवटीत. १०८९ साली कवी आणि अधिकारी सू शी हांगझौला गेला तेव्हा तिथे दुष्काळापाठोपाठ साथ उसळली होती. त्याने सरकारी पैशात स्वतःचे सोने घालून गरिबांसाठी दवाखाना काढला. पुढे बाराव्या शतकाच्या सुरुवातीला दरबारानेच ठिकठिकाणी निराधार रुग्णांसाठी घरे काढली आणि बेवारस मृतांसाठी दफनभूमी राखल्या. या रुग्णघरांचे दोन नियम आजही थक्क करतात. संसर्ग पसरू नये म्हणून कमी-जास्त आजारी माणसांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचे. आणि प्रत्येक वैद्याला एक वही द्यायची, किती बरे झाले आणि किती हातचे गेले ते त्याने लिहायचे, वर्षअखेर त्या आकड्यांवरून त्याची प्रत लावायची. झू शीने स्वतः ११७१ मध्ये फुज्यानमधल्या आपल्या गावी सामुदायिक धान्यकोठार उभारले. दुष्काळ आणि साथ ही जुळी भावंडे आहेत हे त्या काळच्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

सू शीच्या औषधाची गोष्टही सांगितली पाहिजे. त्याने वाटलेल्या एका चूर्णाची कीर्ती त्याच्या नावामुळे दूरवर पसरली. पुढच्या पिढीतल्या ये मंगदे या लेखकाने नोंदवले आहे, की नंतरच्या साथीत लोकांनी ते डोळे झाकून घेतले आणि त्यात कित्येकांचा जीव गेला. सद्गुणी माणसाच्या शब्दावर विसंबणारी नीती इथे तोकडी पडते. वैद्याची वही तपासणारी नीती तिच्याहून खंबीर. दोन्ही एकाच परंपरेतल्या, एकाच काळातल्या.

आता मृतदेहाकडे येऊ, कारण सार्वजनिक आरोग्य आणि कन्फ्यूशियन आचार यांची सगळ्यांत थेट टक्कर तिथे झाली. शरीर हे आईवडिलांचे देणे, ते अभंग परत करायचे. मृताला रीतसर जमिनीत ठेवायचे. त्यामुळे शवविच्छेदन आणि दहन दोन्ही निषिद्धाच्या जवळ जाणारी. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग आला तेव्हा ब्रिटिश सरकारने सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या, रुग्णांना ओढून एका जहाजावर हलवले, घरांना चुना फासला. चिनी व्यापाऱ्यांच्या दानातून चालणारे तुंग वाह रुग्णालय मध्यस्थी करत होते, तरी लोक भडकले. बायकांच्या खोल्यांत परके पुरुष शिरतात आणि मेलेल्याला गावाकडची माती मिळत नाही, या त्यांच्या तक्रारी होत्या. अखेर सरकारला नमते घेऊन रुग्णांना कँटनला जाऊ द्यावे लागले. तोच प्लेग सागरी व्यापाराच्या वाटेने १८९६ मध्ये मुंबईत उतरला. मांडवीत तो ओळखला मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. पुढच्या वर्षी पुण्यात काय घडले ते मराठी वाचकाला सांगायला नको. घरात शिरणारे गोरे शिपाई, देवघराची विटंबना आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेली गोळी. हाँगकाँग आणि पुणे या दोन्ही शहरांत रोग एक, साम्राज्य एक आणि चूकही एकच. लोकांच्या आचाराला सरकारने नुसता अडथळा मानले.

हार्बिनमध्ये १९१०-११ च्या हिवाळ्यात वेगळे घडले. मांचुरियातल्या या फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे ६० हजार माणसे नेली. पेनांगमध्ये जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले तरुण डॉक्टर वू ल्येन-तेह तिथे पाठवले गेले. रोग श्वासातून पसरतो हे त्यांनी ओळखले आणि जाळीच्या कापडाची मुखपट्टी सक्तीची केली. त्यांचे न ऐकणारे अनुभवी फ्रेंच डॉक्टर मेस्नी काही दिवसांतच प्लेगने गेले. पण मोठे संकट दफनभूमीत होते. जमीन गोठून दगड झालेली, खड्डे खणता येईनात, आणि २ हजारांहून अधिक प्रेते उघड्यावर पडलेली. इथे वूंनी सक्ती केली नाही. त्यांनी आधी स्थानिक अधिकाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना ते ढीग दाखवायला नेले, त्यांची संमती मिळवली आणि मग सम्राटाच्या दरबाराकडे दहनाची परवानगी मागितली. परवानगी आली. ३१ जानेवारी १९११ ला चिता पेटल्या. मार्च उजाडता हार्बिनमधली साथ थांबली.

कन्फ्यूशियन दृष्टीने या परवानगीला आधार काय? मेन्सियसला कोणीतरी पेचात पकडायला विचारते, की परक्या स्त्रीला हात लावायचा नाही ही रीत, मग वहिनी बुडत असेल तर? मेन्सियस म्हणतो, हात न देणारा लांडगा समजायचा. रीत ही रीतच राहते, पण प्रसंग तोलून तिला मुरड घालणे हे शहाण्याचे काम. कन्फ्यूशियसने स्वतः समारंभात तागाच्या टोपीऐवजी स्वस्त रेशमी टोपी मान्य केली होती, कारण तिने काटकसर होते आणि भावाला धक्का लागत नाही. जिथे मोठ्यांबद्दलचा आदरच उणावतो असे त्याला वाटले, तिथे मात्र तो जुन्या रीतीला चिकटून राहिला. म्हणजे कुठला आचार कशासाठी आहे हे आधी विचारायचे आणि मग त्यातले काय बदलता येते ते पाहायचे. वूंनी हेच जेवणाच्या टेबलावरही केले. एका ताटातून सगळ्यांनी आपापल्या काड्यांनी घेण्याची चिनी पद्धत क्षय पसरवते हे त्यांना दिसत होते. पण एकत्र जेवण मोडायला त्यांनी सांगितले नाही. १९१५ च्या सुमारास त्यांनी मध्यभागी फिरती तबकडी आणि प्रत्येक पदार्थाला वाढायचा वेगळा चमचा ठेवण्याची सूचना केली. पंगत तशीच राहिली. चमचा तेवढा बदलला. आरोग्यशिक्षणाच्या शेकडो भित्तिपत्रकांपेक्षा मला हा एक चमचा मोठा वाटतो.

कुटुंबाचा प्रश्न इतका सरळ सुटत नाही. झू शी म्हणतो, जवळच्याने सोडून जाऊ नये. ठीक. पण २०१५ साली कोरियात नेमकी न सोडून जाणारी माणसे आजारी पडली. आखाती देशांतून परतलेला एक रुग्ण मे महिन्यात एकामागून एक रुग्णालयांत गेला. एका खोलीत अनेक खाटा, प्रत्येक खाटेपाशी रात्रंदिवस राहणारा नातलग, आणि भेटीला येणाऱ्यांची रीघ, ही तिथली रीत. १८६ जणांना मर्स झाला, ३८ जण दगावले, आणि बाधितांत रुग्णांखालोखाल मोठा गट होता सोबतीच्या माणसांचा. त्यात सरकारने रुग्णालयांची नावे जूनच्या पहिल्या आठवड्याअखेरपर्यंत दडवून ठेवली. मुलगा आईजवळ बसला तो कर्तव्य म्हणून, पण आपण कुठल्या धोक्यात बसलो आहोत हे त्याला कोणी सांगितलेच नाही. झू शीच्या कसोटीवर दोष मुलाचा नव्हे. पुढे कोरियाने कायदा बदलून माहिती उघड करणे बंधनकारक केले आणि नातलगांऐवजी परिचारिकांनी पूर्ण शुश्रूषा करण्याची योजना वाढवली. सेवेचे काम संस्थेकडे गेले म्हणून नात्याचे देणे फिटले असे कोणी तिथे मानत नाही, पण ते देणे कसे फेडायचे ते बदलले.

हाँगकाँगचे तत्त्वज्ञ फान रुईपिंग यांना हा सगळा बदल सावधपणे घ्यावासा वाटतो. त्यांच्या मते आरोग्यसेवेचे मूळ एकक कुटुंबच असावे. व्यक्तीचे हक्क आणि सरकारची तिजोरी यांच्या कात्रीत कुटुंब विरघळू देऊ नये. सिंगापूरने १९८४ मध्ये सुरू केलेले मेडिसेव्ह खाते हा या विचाराला जवळचा नमुना. माणूस पगारातून आजारपणासाठी पैसे बाजूला टाकतो आणि ते जोडीदार, आईवडील, मुले यांच्यासाठीही वापरू शकतो. न्यूझीलंडमध्ये शिकवणारे न्ये चिंग-पाओ यांचा यावर मूलभूत आक्षेप आहे. चिनी वैद्यकनीती म्हणजे एकसंध कुटुंबवाद, हे चित्रच चुकीचे, त्या परंपरेत आपसांत भांडणारे अनेक आवाज आहेत, असे ते दाखवतात. हाँगकाँगचेच जोसेफ चान मधली वाट काढतात. नाती नीट चालू असतात तोवर हक्कांची भाषा लागत नाही, पण ती तुटतात तेव्हा दुबळ्याला आधार म्हणून हक्क हवेतच. मला चान यांचे म्हणणे जास्त खरे वाटते. कुटुंबावर सगळा भार टाकणारी व्यवस्था प्रत्यक्षात सुना-मुलींवर भार टाकते, आणि तो हिशेब फान यांच्या मांडणीत पुरेसा दिसत नाही.

राजाला अडवण्याची जी शिकवण वर आली, तिची परीक्षा आपल्या डोळ्यांसमोर झाली आहे. २००३ मध्ये बीजिंगमधले सार्सचे आकडे खोटे आहेत हे लष्करी रुग्णालयातले निवृत्त डॉक्टर ज्यांग यानयोंग यांनी पत्र लिहून उघड केले, तेव्हा कुठे आरोग्यमंत्र्यांना जावे लागले. पुढच्या वर्षी, तियानानमेनबद्दल लिहिल्यावर, ते स्वतः अटकेत होते. ३ जानेवारी २०२० ला वूहानच्या पोलिसांनी नेत्रतज्ज्ञ ली वेनल्यांग यांच्याकडून समजपत्रावर सही घेतली. सहकाऱ्यांना नव्या रोगाची सूचना देणे ही त्यांची चूक ठरली. ७ फेब्रुवारीला ते करोनाने गेले. कन्फ्यूशियन परंपरेने खरे बोलणाऱ्या मंत्र्याला गौरवाचे स्थान दिले, पण त्याला संरक्षण देणारी संस्था मात्र राजाच्या मर्जीवरच उभी राहिली. दरबारात खास दोष दाखवण्यासाठी नेमलेले अधिकारी होते, त्यांना फटके आणि हद्दपारीही मिळे. ही या परंपरेतली खरी पोकळी आहे. वृत्तपत्र, न्यायालय आणि बोलणाऱ्याला अभय देणारा कायदा यांशिवाय ती भरत नाही, आणि तैवान-कोरियाने ती तशीच भरली.

दुसरी पोकळी परक्याची. प्रेम घरापासून सुरू होते आणि बाहेर जाताना विरळ होत जाते, हे कन्फ्यूशियन मत. मोझी या प्राचीन विरोधकाने यावर बोट ठेवले होते, की मग दूरच्याचे काय? मेन्सियसचे उत्तर विस्ताराचे आहे. आपल्या घरच्या वृद्धांना जसे सांभाळता तसे इतरांच्या वृद्धांपर्यंत पोहोचा. ऐकायला सुंदर आहे, पण किती दूरपर्यंत, हे त्यात ठरत नाही. एप्रिल २०२० मध्ये सिंगापूरमध्ये ते दिसले. शहरातली साथ आटोक्यात होती आणि परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत मात्र ती वणव्यासारखी पसरली. एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे हे लोक बहुतांशी बांगलादेश आणि भारतातून आलेले. वर्षअखेरीला सरकारी तपासणीत वसतिगृहांतल्या जवळपास निम्म्या मजुरांना लागण होऊन गेल्याचे आढळले. घरोघर मुखपट्ट्या वाटणाऱ्या नेटक्या राज्यात ही माणसे कोणाच्या घरची नव्हती. मेडिसेव्ह खाते नागरिक आणि कायम रहिवासी यांचे, त्यातून आईवडिलांचा खर्च भागतो, पण ज्याचे आईवडील समुद्रापलीकडे आहेत अशा मजुरासाठी ते नव्हतेच.

मेन्सियस एके ठिकाणी विधुर, विधवा, निपुत्रिक वृद्ध आणि पोरकी मुले या चौघांची यादी देतो. ज्यांना गाऱ्हाणे सांगायला कोणी नाही असे हे लोक, आणि प्राचीन राजा वेनने कारभार सुरू करताना पहिल्यांदा त्यांचाच विचार केला, असे तो सांगतो. कन्फ्यूशियन आरोग्यनीती लिहिणाऱ्यांनी या यादीपाशी जास्त वेळ थांबायला हवे. ती नात्यांच्या वर्तुळातून निघत नाही, नाती संपतात तिथून निघते, आणि तरीही ती परंपरेच्या अगदी गाभ्यातली आहे. आजच्या यादीत पाचवा माणूस वसतिगृहातल्या वरच्या खाटेवरचा मजूर असेल. त्याला खोली, तपासणी, पगाराची हमी आणि स्वतःच्या भाषेत खरी माहिती देणे हे साथीच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहायचे काम आहे. सिंगापूरने त्यातले बरेचसे साथ पसरल्यावर केले, जागा मोकळ्या केल्या, नव्या वसतिगृहांचे निकष बदलले. राजा वेनने ते आधी केले होते, असे निदान मेन्सियसचे म्हणणे आहे.